मॅकडेव्हिडच्या नावानं खडे फोडणाऱ्या एडमंटनकर मंडळींना

एडमंटन, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऑइलर्सप्रेमी मराठी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

काल नेमकी कोजागिरी आणि नेमकी कालच बातमी आली की आपल्या ऑइलर्स या आइस हॉकी संघाचा कप्तान कॉनर मॅकडेव्हिडनं संघाबरोबरचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला. रात्री आपण जमलो तेव्हा मसाला दूध बाजूलाच राहिलं आणि जूनपासून धुमसणारा वाद पुन्हा पेटला. "दोनच वर्षं? म्हणजे हा निघाला." "निघू दे की! दोन-दोन फायनल घालवल्या." "कप जिंकून न देणारा कप्तान काय कामाचा?" "आपल्याला कप जिंकून देणाऱ्या ग्रेट्स्कीची सर याला कधी येणार?" ही आपल्याच घरातली वाक्यं आहेत, परक्या कुणाच्या तोंडची नाहीत. चौघं एकदम बोलत असताना मुद्दा नीट मांडता येत नाही, म्हणून काल मी गप्प बसले. आज लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडच लिहितेय.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही स्टॅन्ली कप फायनल (एनएचएल या हॉकी लीगच्या विजेतेपदाची, सातपैकी चार सामने जिंकायची मालिका) आपण मॅकडेव्हिडमुळे हरलो, हे मला अजिबात मान्य नाही. तो बाकावर बसलेला असताना आपण हरलो, सामन्याच्या पहिल्या वीस मिनिटांत हरलो आणि आपल्यापेक्षा सरस संघाकडून हरलो. राग मलाही आहे. जूनमध्ये सहावा सामना संपल्यावर मी टीव्ही बंद करून टाकला होता. पण तो राग निघतोय चुकीच्या माणसावर.

आधी २०२४ बघू. फ्लोरिडा पँथर्सनी पहिले तीन सामने खिशात घातले: ३-०, ४-१, ४-३. पहिल्या सामन्यात त्यांच्या सर्गेई बोब्रोव्स्कीनं आपले ३२ फटके अडवले, एकही आत जाऊ दिला नाही. ०-३ वरून उठून फायनल जिंकणारा संघ इतिहासात एकच आहे, १९४२ चा टोरोंटो. म्हणजे तिथे गोष्ट संपल्यात जमा होती. मग चौथा सामना आपण ८-१ नं घेतला, पाचवा ५-३ नं. या दोन्ही सामन्यांत मॅकडेव्हिडचे चार-चार गुण होते. (नव्यांसाठी सांगते, गोल केला की एक गुण आणि गोलाला पास दिला तरी एक गुण.) फायनलमध्ये लागोपाठच्या दोन सामन्यांत चार-चार गुण त्याच्याआधी कुणालाच जमले नव्हते, ग्रेट्स्कीलाही नाही. त्या वर्षीच्या पूर्ण प्लेऑफमध्ये (फायनल धरून चार बाद फेऱ्यांत) त्याचे ४२ गुण झाले, त्यांतले ३४ असिस्ट, म्हणजे गोलाचे पास. असिस्टचा आधीचा विक्रम ग्रेट्स्कीचा होता, १९८८ मधला, ३१ चा. एका प्लेऑफमध्ये ४२ हून जास्त गुण आजवर तीनदाच झालेत, दोनदा ग्रेट्स्कीचे आणि एकदा मारिओ लेम्यूचे.

"पण सहाव्या आणि सातव्या सामन्यात शून्य!" हे वाक्य काल रात्री दोनदा ऐकलं. शून्य होतं, खरंच. पण सहावा सामना आठवतो का? तो आपण ५-१ नं जिंकलो. फोगेली, हेन्रिक, हायमन, मॅकलाउड आणि नर्स अशा पाच वेगवेगळ्या जणांनी गोल केले आणि कप्तानाला एकही गुण मिळाला नाही, त्याची त्या रात्री कुणालाच आठवण झाली नव्हती. सातव्यात आपण २-१ नं हरलो. आपला एकमेव गोल मटियास यानमार्कचा. साठ मिनिटांत आख्ख्या संघानं एक गोल केला आणि त्याचं सगळं माप एकाच्या पदरात घातलं जातंय. इतर खेळले तेव्हा आपण त्याच्या गुणांशिवायही मोठ्या फरकानं जिंकलो, हे सहावा सामनाच सांगतो.

आता यंदाची फायनल. पहिला सामना आपल्या घरी, लिऑन ड्रायसाइटलनं ओव्हरटाइममध्ये जिंकून दिला, ४-३. दुसऱ्यात अठरा सेकंदांहून कमी वेळ उरला असताना कोरी पेरीनं बरोबरी केली, पण दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ब्रॅड मार्शंडनं आपल्याला संपवलं, ५-४. इथवर बरोबरीचा मामला होता. मालिका फिरली ती तिसऱ्या सामन्यापासून, आणि कुठे फिरली ते बघा. तिसऱ्या सामन्यात मार्शंडचा गोल ५६ व्या सेकंदाला, पहिलं सत्र (वीस-वीस मिनिटांच्या तिनांतलं) संपताना आपण ०-२. चौथ्यात पहिल्या सत्राअखेर ०-३. पाचव्यात ०-२. सहाव्यात ०-२. चार सामन्यांची पहिली सत्रं एकत्र केली तर आपले शून्य गोल आणि त्यांचे नऊ. दर वेळी डोंगर चढूनच सुरुवात! चौथ्या सामन्यात तो डोंगर चढून आपण ५-४ नं जिंकलो, तोही ओव्हरटाइममध्ये ड्रायसाइटलनं एका हातानं ढकललेल्या पकवर (बर्फावरच्या रबरी चकतीवर), जो त्यांच्याच बचावपटूला लागून आत गेला. बाकी तिन्ही सामने ६-१, ५-२, ५-१ असे गेले. त्या मोसमात ड्रायसाइटलनं प्लेऑफमध्ये चार ओव्हरटाइम गोल केले, हाही विक्रमच. मॅकडेव्हिडचे आणि त्याचे प्लेऑफचे गुण सारखेच, ३३. या दोघांनी आणखी काय करायला हवं होतं, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

पहिल्या सत्रात असं का व्हायचं? मी मुलाच्या सामन्यांना टाइमकीपरच्या खोक्यात बसते, त्यामुळे बर्फ अगदी जवळून बघायची सवय लागली आहे. पँथर्सचा खेळ पुन्हा लावून बघा. मध्यरेषा ओलांडली की ते पक आपल्या गोलामागच्या कोपऱ्यात टाकायचे. आपला बचावपटू तो उचलायला वळला की त्याची पाठ मैदानाकडे व्हायची, आणि त्याच क्षणी पहिला माणूस त्याला काचेवर दाबायचा. दुसरा पकवर झेप घ्यायचा. तिसरा भिंतीलगतच्या वाटेवर उभा, म्हणजे घाईघाईनं बाहेर ढकललेला पक सरळ त्याच्या स्टिकवर. हा दबाव, म्हणजे फोरचेक, त्यांच्या चारही फळ्या (आळीपाळीनं उतरणाऱ्या आघाडीच्या तुकड्या) करायच्या, पहिल्या फळीपासून चौथीपर्यंत, तितक्याच जोरात. आपले बचावपटू दमायचे, पक घालवायचे, बदली होण्याआधीच अडकून पडायचे. या सगळ्यात मॅकडेव्हिड कुठे असायचा? निम्म्याहून जास्त वेळ बाकावर. साठ मिनिटांच्या सामन्यात तो बावीस-चोवीस मिनिटं खेळतो, तेही पाऊण-पाऊण मिनिटाच्या शिफ्टमध्ये. उरलेली पस्तीसेक मिनिटं दुसऱ्यांना खेळायची असतात. क्रिकेटमध्ये एखादा दिवसभर खेळपट्टीवर उभा राहू शकतो. इथे ती सोयच नाही.

आणि ती पस्तीस मिनिटं फ्लोरिडाकडे कोण खेळत होतं, हेही बघायला हवं. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवोदित खेळाडू निवडतात त्यात, निवडलेले पहिले चार खेळाडू आठवा: एकब्लाड, राइनहार्ट, ड्रायसाइटल, बेनेट. चौघंही या फायनलमध्ये होते, त्यांतले तिघं समोर. एकब्लाड तेवढा मुळापासून फ्लोरिडाचा. राइनहार्टला बफेलोनं निवडलं होतं आणि बेनेटला आपल्या शेजारच्या कॅलगरीनं. दोघांनाही जुन्या संघांनी जाऊ दिलं आणि फ्लोरिडानं हेरून उचललं. मार्शंड तर मार्चमध्ये बॉस्टनहून आला आणि ३७ व्या वर्षी फायनलच्या सहा सामन्यांत सहा गोल करून गेला. सहाव्या सामन्यातले चार गोल एकट्या राइनहार्टचे. आणि हो, २०२४ च्या सातव्या सामन्यातला निर्णायक गोलही त्याचाच. आपल्याकडे त्या वेळी झॅक हायमन मनगटाच्या दुखापतीमुळे बाहेर होता. २०२४ च्या प्लेऑफमध्ये त्यानं १६ गोल केले होते. ती जागा भरायला आपल्याकडे कुणीच नव्हतं, आणि हे कप्तानाचं नाही, संघ बांधणाऱ्यांचं काम आहे.

दरवर्षी फ्लोरिडाच्या यशावर आपण जी दोन कारणं चिकटवतो, त्यांच्याबद्दलही बोलते. पहिलं कराचं. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, म्हणून खेळाडू कमी पगारात तिथे राहतात. यात तथ्य आहे, या उन्हाळ्यात बेनेट, एकब्लाड आणि मार्शंड तिघंही तिथेच राहिले. पण १९९६ नंतर थेट २०२२ पर्यंत पँथर्सना प्लेऑफची एकही फेरी जिंकता आली नव्हती. त्या पंचवीसेक वर्षांत फ्लोरिडात काय कर होता का? कर तेव्हाही नव्हता, चांगला संघ नव्हता. दुसरं कारण जखमी यादीचं. मॅथ्यू टकाचक फेब्रुवारीत जखमी झाला, त्याचा पगार संघाच्या एकूण पगाराच्या कमाल मर्यादेतून सुटला, त्या पैशांत त्यांनी माणसं घेतली आणि प्लेऑफला टकाचक हजर. पळवाट होती, मान्य, आणि आता नियम बदलून ती बुजवलीय हे चांगलंच झालं. पण आपला इव्हँडर केन आख्खा मोसम त्याच यादीवर होता आणि प्लेऑफला उतरला, तेव्हा आपल्यापैकी कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. आपण जिंकलो असतो तर ती हुशारी ठरली असती.

"कॅनडात १९९३ नंतर कप नाही" या दुःखाबद्दल काय बोलणार? मॉन्ट्रियलनंतर व्हँकुव्हर दोनदा, कॅलगरी, ऑटावा, पुन्हा मॉन्ट्रियल आणि आपण तीनदा, एवढे जण फायनलपर्यंत जाऊन रिकाम्या हातांनी परतले. सल आहे तो. मात्र आपल्याला हरवणाऱ्यांत बेनेट ऑन्टारिओचा, मार्शंड हॅलिफॅक्सचा, राइनहार्ट व्हँकुव्हरचा, आणि आपल्याला वाचवणारा ड्रायसाइटल जर्मनीतल्या कलोनचा. तेव्हा या वादात देश आणून फारसं काही हाती लागत नाही.

कॉन स्माइथ ट्रॉफीवरून तर आपल्यात दोन तट आहेत. प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूला ती १९६५ पासून देतात, आणि हरलेल्या संघाच्या खेळाडूला ती आजवर सहाच वेळा मिळालीय. त्या सहांत चार गोलरक्षक. आघाडीवर खेळून हरूनही ती मिळवणारे दोघंच: १९७६ मध्ये फिलाडेल्फियाचा रेजी लीच आणि २०२४ मध्ये मॅकडेव्हिड. "हरलेल्याला कसलं बक्षीस?" म्हणणाऱ्यांनी १९८७ आठवावं. तेव्हा सात सामन्यांत जिंकलो आपण, कप आपल्याकडे आला, आणि ट्रॉफी मिळाली फिलाडेल्फियाच्या रॉन हेक्स्टॉलला. तेव्हाच्या एडमंटनकरांनाही ते पटलं असणार, कारण त्यांनी त्याला सात रात्री अडवताना बघितलं होतं. आणि आपल्यातल्या वयानं मोठ्या मंडळींना तर मी हे सांगायलाच नको. २००३ च्या विश्वचषकात ६७३ धावा करून सचिन मालिकावीर ठरला आणि फायनलमध्ये पहिल्याच षटकात ४ धावांवर बाद झाला. "सचिन मोठ्या सामन्यात खेळत नाही" असं म्हणणाऱ्यांशी तेव्हा तुम्हीच तावातावानं भांडत होता. आज बर्फावर तोच आरोप तुमच्या तोंडून ऐकताना मला वाईट वाटतं.

शिवाय आरोपही खोटा आहे. याच वर्षी फेब्रुवारीत बॉस्टनमध्ये चार राष्ट्रांच्या स्पर्धेची फायनल झाली, कॅनडा विरुद्ध अमेरिका, दोन्ही देशांतलं वातावरण किती तापलेलं होतं ते आठवा. ओव्हरटाइममध्ये गोल कुणी केला? त्या रात्री आपल्या गाड्यांचे भोंगे कुणासाठी वाजत होते?

२०२४ चा सातवा सामना संपल्यावर सनराइजमध्ये, पँथर्सच्या घरी, मॅकडेव्हिड ट्रॉफी घ्यायला बर्फावर परत आला नाही, म्हणून काहींनी त्याला उर्मट ठरवलं. मला त्यात उर्मटपणा दिसला नाही. समोर दुसरा संघ कप उंचावतोय आणि आपल्याला एकट्याला बक्षीस घ्यायला बोलावतायत, अशा वेळी आत आपल्या माणसांजवळ बसून राहणाऱ्याबद्दल माझं मत वरच जातं.

यंदाच्या ट्रॉफीबद्दल मात्र माझं तुमच्यातल्या बहुतेकांशी जमत नाही. "मार्शंडला मिळायला हवी होती, आपल्याला त्यानंच मारलं" हे म्हणणं मला कळतं. पण ती ट्रॉफी फक्त फायनलची नसते. चारही फेऱ्या धरल्या तर सॅम बेनेटचे १५ गोल झाले, त्यांतले १३ परक्या मैदानावर. परक्या मैदानावर एका प्लेऑफमध्ये इतके गोल कुणीच केले नव्हते. तो गोलरक्षकाच्या अंगावर जातो, कोपर लावतो, आपल्याला त्याचा संताप येतो, मलाही येतो. तरी निवड योग्य होती.

ग्रेट्स्कीची तुलना करायचीच असेल तर पूर्ण करा. १९८३ मध्ये तो पहिल्यांदा फायनल खेळला. न्यूयॉर्क आयलंडर्सनी आपल्याला सरळ चार सामन्यांत धुतलं आणि त्या मालिकेत ग्रेट्स्कीला एकही गोल करता आला नाही. पुढच्या वर्षी त्याच आयलंडर्सना हरवून पहिला कप आला. त्या संघात त्याच्याबरोबर मेसिए होता, कुरी होता, कॉफी होता, गोलात ग्रँट फ्यूर होता, आणि हे सगळे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. ऑगस्ट १९८८ मध्ये ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला पाठवलं, आणि १९९० मध्ये त्याच्याशिवाय मेसिएच्या नेतृत्वाखाली आपण पाचवा कप जिंकलो. तिकडे ग्रेट्स्कीला एडमंटन सोडल्यावर एकही कप मिळाला नाही, १९९३ ची फायनलही तो हरला. यावरून ग्रेट्स्की लहान ठरतो, असं आपल्यातलं कुणीही म्हणणार नाही. मग मॅकडेव्हिडला वेगळा न्याय का?

आता पैशांचं. नवा करार वर्षाला सव्वा कोटी डॉलरचा आहे, म्हणजे आत्ता मिळतात तेवढेच, एक डॉलरही वाढवून घेतलेला नाही. गेल्याच आठवड्यात मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हनं वर्षाला एक कोटी सत्तर लाखांचा करार केला. आपल्याच ड्रायसाइटलला एक कोटी चाळीस लाख आहेत. यंदा एका संघाची पगाराची कमाल मर्यादा ९ कोटी ५५ लाख. मॅकडेव्हिडनं काप्रिझोव्हइतके मागितले असते तर कुणी नाही म्हणू शकलं नसतं. ते पंचेचाळीस लाख त्यानं संघासाठी सोडले, आणखी एक चांगला खेळाडू यावा म्हणून. आणि दोनच वर्षांची मुदत घेतली याचा अर्थ मी असा लावते की त्यानं व्यवस्थापनाला सांगितलंय: मी माझ्या बाजूनं केलं, आता तुम्ही संघ बांधून दाखवा. यात पळपुटेपणा कुठे आला?

व्यवस्थापनानं उन्हाळ्यात काय केलं? पेरी लॉस एंजेलिसला गेला, चाळिशीतल्या त्या माणसानं प्लेऑफमध्ये दहा गोल केले होते. कॉनर ब्राउन न्यू जर्सीला गेला, आर्व्हिडसन बॉस्टनला, केन व्हँकुव्हरला. हायमन अजून बरा व्हायचाय. गोलात तेच दोघं आहेत, स्टुअर्ट स्किनर आणि कॅल्विन पिकार्ड. वाद घालायचा तर यावर घाला. फ्लोरिडाच्या चार फळ्यांपुढे आपल्या दोनच फळ्या का उभ्या राहतात, हा प्रश्न विचारा. तिकिटांना आपण एवढे पैसे मोजतो, संघाच्या कार्यालयाला पत्र लिहिण्याचा हक्क आपल्याला आहे. मी लिहिलंय, तुम्हीही लिहा.

स्किनरबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण या पत्रामागचं खरं कारण तेच आहे. त्यानं फायनलमध्ये वाईट गोल खाल्ले, तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात त्याला मधूनच काढावं लागलं, हे कुणी नाकारत नाही. पण त्याच्याच आधी व्हेगासविरुद्ध लागोपाठ दोन सामने त्यानं एकही गोल न देता जिंकून दिले होते आणि डॅलसविरुद्ध तिसरा. तो याच शहरातला पोरगा आहे, इथल्याच रिंकवर शिकलेला. त्याच्यावर टीका करा, तो बदलायला हवा असंही म्हणा. मलाही वाटतं की आणखी एक भरवशाचा गोलरक्षक हवा. पण जूनमध्ये आपण सगळे एकत्र सामना बघत होतो तेव्हा त्याला ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्या देताना खोलीत कोण कोण बसलंय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या मुलाच्या संघातला दहा वर्षांचा गोलरक्षकही तिथेच होता, अंगात स्किनरची ७४ नंबरची जर्सी. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या मुलाला विचारलं, "मी गोल खाल्ला की काका लोक मलाही असंच म्हणतात का?" मुलानं ते घरी येऊन मला सांगितलं. मला उत्तर सुचलं नाही. हिवाळ्यात वस्तीतल्या उघड्या रिंकवर उणे पंचवीसमध्ये ही मुलं उभी असतात. प्रत्येक गोलानंतर आधी गॅलरीकडे बघतात, मग मुकाट पाण्याची बाटली उचलतात. टाइमकीपरच्या खोक्यातून मला ते दर आठवड्याला दिसतं.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला लाज वाटतेय. सप्टेंबरच्या शेवटी पँथर्सचा कप्तान अलेक्झांडर बार्कोव्हच्या गुडघ्याला सरावात गंभीर दुखापत झाली, आणि त्याचा हा आख्खा मोसम बहुधा गेला. ही बातमी आली तेव्हा आपल्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. बार्कोव्हनं आपल्याविरुद्ध दोन फायनल शांतपणे, नेटानं आणि स्वच्छ खेळून जिंकल्या. स्टॅन्ली कप उचलणारा तो पहिला फिनिश कप्तान. त्याच्या गुडघ्यावर टाळ्या वाजवून आपला कप जवळ येत नाही. ज्यांनी ते इमोजी टाकले त्यांनी ते काढावेत, एवढी विनंती.

आज सनराइजमध्ये पँथर्सचं लागोपाठ दुसऱ्या वर्षी विजेतेपदाचं निशाण चढतंय. ते बघणं जड जाईल. पण दोनदा त्यांनी ते कमावलंय, आणि हे मान्य केल्याशिवाय आपल्याला काय कमी पडलं ते नीट बघता येणार नाही. माझ्या मते कमी पडला तो भरवशाचा गोलरक्षक, तिसऱ्या-चौथ्या फळीतले चार कष्टाळू गडी, आणि पहिल्या वीस मिनिटांतला फोरचेकला तोंड देण्याचा सराव. प्रशिक्षक क्रिस नॉब्लॉक मॅकडेव्हिडला ज्युनिअर हॉकीपासून ओळखतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये संघ गाळात असताना त्यानं सूत्रं घेतली आणि लागोपाठ सोळा सामने जिंकून दाखवले. त्याच्याकडून पहिल्या सत्राची अपेक्षा ठेवणं वावगं नाही.

उद्या रॉजर्स प्लेसला कॅलगरीविरुद्ध पहिला सामना आहे. ज्यांना तिकिटं मिळाली नाहीत त्यांनी आमच्याकडे या. वहिनींनी काल उरलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवलंय असं कळलं, ते घेऊन या. वाद घालायलाही या. माझं म्हणणं खोडायचं असेल तर आकडे घेऊन या, मी ऐकून घेईन. मार्शंड की बेनेट यावर रात्रभर भांडू. फक्त दोन गोष्टी दारातच ठेवा: गोलरक्षकाला शिव्या, आणि "मॅकडेव्हिडनं हरवलं" हे वाक्य. मुलं साडेसहालाच येऊन पुढच्या सतरंजीवर बसणार आहेत.

आपली नम्र,
एक ऑइलर्सप्रेमी
(मुलांच्या संघाची टाइमकीपर)